कुत्र्याला शिकवायला कोणाला बोलवायचं?

नागपुरात उद्या सकाळी कोणीही ‘डॉग ट्रेनर’ म्हणून पाटी लावू शकतो. परवाना नको, परीक्षा नको, नोंदणी नको. कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्यांसाठी २०१७ चे केंद्रीय नियम आहेत, पेट शॉपसाठी २०१८ चे आहेत. कुत्र्याला शिकवणाऱ्यासाठी वेगळा नियमच नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली जनावराला मारणं, विनाकारण वेदना देणं हा गुन्हा आहे खरा, पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. त्या धाकाने कोणाच्या हातातली काठी खाली पडत नाही. पारखायचं काम मग कुत्रा पाळणाऱ्यालाच करावं लागतं.

आणि बहुतेक घरांत ते फोनवर दोन मिनिटांत उरकतं. पेट शॉपवाल्याकडून नाहीतर ग्रूमरकडून नंबर मिळतो, तीन गोष्टी विचारल्या जातात: पैसे किती, दिवस किती, काय काय शिकवाल. पलीकडून उत्तर येतं, “टेन्शन नका घेऊ भाऊ, महिन्याभरात सरळ करून देतो.” सिट, स्टे, हील (पायाशी चालणं), शेकहँड अशी यादीही मिळते. विचारायचा राहतो तो नेमका कामाचा प्रश्न: कुत्रा चुकला की तुम्ही काय करता?

याचं उत्तर काय यायला हवं, हे कळायला आधी कुत्रा शिकतो कसा ते थोडं बघावं लागेल.

बक्षीस देऊन शिकवणं म्हणजे नेमकं काय

ज्या कृतीतून हवं ते मिळतं, ती कृती कुत्रा पुन्हा करतो. बक्षीस म्हणजे फक्त खाऊ नाही. चेंडू, उघडलेलं दार, झाडाचं खोड हुंगायची मुभा, पाठीवरून फिरलेला हात, ज्या कुत्र्याला जे प्यारं ते त्याचं बक्षीस. दुसरी बाजू अशी की नको असलेल्या वागण्यातून त्याच्या हाती काही लागणार नाही, अशी घराची मांडणी करायची. चपला चावतो, तर चपला रॅकच्या आत. पाहुण्यांवर उड्या मारतो, तर बेल वाजली की आधी लीश (गळपट्ट्याची दोरी), मग दार. ‘मारत नाही म्हणजे नुसते लाड करतात’ हा समज ऐकू येतो, पण नीट चाललेल्या बक्षिसाच्या पद्धतीत घराचे नियम मारकुट्या घरापेक्षा कडक असतात. फरक इतकाच की ते कुत्र्याला आधी शिकवलेले असतात.

साधं ‘बस’ घेऊ. उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा हरभऱ्याएवढा तुकडा कुत्र्याच्या नाकाशी धरायचा आणि हात हळूच त्याच्या डोक्यावरून मागे न्यायचा. नाक वर गेलं की ढुंगण आपोआप खाली येतं. ते जमिनीला टेकलं त्याच क्षणी ‘येस’ म्हणायचं किंवा क्लिकर (दाबला की टक् वाजणारी छोटी डबी) वाजवायचा, आणि सेकंदा-दोन सेकंदात तुकडा तोंडात. हात फार उंच नेला तर कुत्रा उडी मारतो, फार भरकन नेला तर मागे सरकत जातो. दोन्ही चुका शिकवणाऱ्याच्या. पाच-सहा वेळा जमलं की हातात काही न धरता तीच हालचाल करायची आणि खाऊ दुसऱ्या हाताने पिशवीतून काढून द्यायचा. हे जमल्यावर, हात हलवण्याच्या क्षणभर आधी, ‘बस’ हा शब्द. शब्द सगळ्यात शेवटी येतो, कारण त्याआधी कुत्र्याला त्याचा काही अर्थच नसतो. नुसतं ‘बस, बस, बस’ ओरडत राहिलं तर तो शब्द त्याच्यासाठी पंख्याच्या आवाजात जमा होतो. एक सराव तीन ते पाच मिनिटांचा, दिवसातून दोन-तीनदा. दहापैकी आठदा बरोबर आलं की पायरी वाढवायची: हॉलमधून गॅलरीत, गॅलरीतून जिन्यात, जिन्यातून गेटवर. लागोपाठ दोनदा चुकला तर पायरी आपण फार लवकर वाढवली, एक पाऊल मागे यायचं.

आता जुनी रीत. गळ्यात चोक चेन (खेचली की आवळणारी साखळी), ती वर खेचायची, दुसऱ्या हाताने कंबर दाबायची. बसल्यावर चेन सैल. कुत्रा इथेही बसतो, आणि बसलेल्या कुत्र्याच्या व्हिडिओत दोन्ही सारखेच दिसतात. पण एकाने बसण्यासाठी शोधाशोध केली, दुसऱ्याने गळ्यावरचा ताण थांबावा म्हणून अंग टाकलं. ट्रेनरच्या इन्स्टाग्रामवर तयार कुत्रे बघून काही कळत नाही ते यामुळेच. बघायचं ते शिकवणं चालू असताना.

झटक्याने काय बिघडतं

शिक्षेनेही वागणं थांबतं. थांबत नसतं तर इतकी वर्षं कोणी वापरली नसती. अडचण अशी की शिक्षा कशासाठी झाली, हे ठरवतो कुत्रा, आणि तो आपल्या मनासारखं ठरवेलच असं नाही.

फुटाळा तलावाच्या काठाने संध्याकाळी फिरायला निघालेला एक लॅब्रॅडॉर धरा. समोरून दुसरा कुत्रा आला, हा भुंकला, चेनचा झटका बसला. आपल्या हिशोबी धडा असा की भुंकलास म्हणून लागलं. कुत्र्याची नजर मात्र त्या क्षणी समोरच्या कुत्र्यावर आहे. त्याच्या हिशोबी तो दिसला की गळा दुखतो. असं रोज झालं की समोरच्या कुत्र्याबद्दल आधी नुसती उत्सुकता होती, तिथे भीती येते. झटके पुरेसे कडक असतील तर महिन्याभरात भुंकणं बंदही होतं. घरचे खूश, ट्रेनर मोकळा. आणि एक दिवस शेजारचं पिल्लू जवळ आल्यावर हा न भुंकता, न गुरगुरता थेट चावतो. लोक म्हणतात, “अचानक चावला, काही कारण नव्हतं.” कारण होतं, सांगायची सोय आपण काढून घेतली होती. गुरगुरण्याबद्दल मारणं म्हणजे कुकरची शिट्टी दाबून धरणं. आतली वाफ तेवढीच राहते.

दुसरी अडचण, कुत्रा सरावतो. आज हलका झटका पुरतो, पुढच्या महिन्यात जोरात लागतो, मग चोक चेनच्या जागी काट्यांचा प्राँग कॉलर येतो, मग विजेचा धक्का देणारा शॉक कॉलर. आणि सुटका नाही हे ज्याला कळलं, तो प्रयत्नच सोडतो. अमेरिकेत १९६७ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर केलेले विजेच्या धक्क्यांचे प्रयोग मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतात: ज्यांना आधी न टळणारे धक्के दिले होते, त्यातले बरेच कुत्रे नंतर टाळता येणारे धक्केही निमूट सोसत राहिले. ‘बघा, किती शांत झाला’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या काही कुत्र्यांत हेच घडलेलं असतं.

पाळीव कुत्र्यांवरचा अभ्यासही आहे. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये ९२ पाळीव कुत्र्यांची पाहणी छापली, काही बक्षीस देणाऱ्या ट्रेनिंग स्कूलमधले, काही झटके-दटावणी वापरणाऱ्या. दुसऱ्या गटातल्या कुत्र्यांत सरावाच्या वेळी तणावाच्या खुणा जास्त दिसल्या, सरावानंतर लाळेतलं कॉर्टिसॉल (ताणात वाढणारं संप्रेरक) जास्त वाढलेलं मिळालं. वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये लेखी भूमिकाच घेतली: सगळ्या कुत्र्यांना, चावऱ्या कुत्र्यांनाही, बक्षिसाच्या पद्धतीनेच शिकवावं. वेल्समध्ये शॉक कॉलरवर २०१० पासून बंदी आहे. आपल्याकडे तो ‘ट्रेनिंग कॉलर’ नावाने ऑनलाइन दोन दिवसांत घरपोच येतो.

‘तुम्ही अल्फा बना’, म्हणजे कळपाचा म्होरक्या बना, असं सांगणारा ट्रेनर भेटला तर त्याला हेही सांगता येईल. ही कल्पना प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या निरीक्षणांतून आली, आणि ते लांडगे होते प्राणिसंग्रहालयात कोंडलेले. ती लोकांपर्यंत पोचवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या लांडग्यांच्या अभ्यासक डेव्हिड मेक यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की मोकळ्या रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरं. गादीसाठीची मारामारी तिथे नसते. म्हणून कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरणं, त्याच्याआधी जेवणं, त्याच्याआधी दारातून जाणं, यातून तो काही शिकत नाही. उताणं पाडण्यात चेहऱ्याला चावा बसायची जोखीम मात्र पुरेपूर आहे.

बक्षीसही चुकतं

हे न सांगणारा ट्रेनरही अर्धवटच. खाऊ दाखवल्याशिवाय कुत्रा ऐकत नाही ही तक्रार खरी असते आणि तिचं कारण ठरलेलं असतं: हातातला खाऊ वेळेत लपवला नाही, त्यामुळे तुकडा दिसणं हीच कुत्र्याला आज्ञा वाटू लागली. खाऊ द्यायला चार सेकंद लागले तर तोवर कुत्रा उठलेला असतो आणि बक्षीस उठण्याला मिळतं. पोटभर जेवून आलेल्या कुत्र्याला कोरडं बिस्किट फिकं वाटतं. आणि समोर चार मोकाट कुत्रे भुंकत असताना तुपात घोळलेला तुकडा दिला तरी तो थुंकून टाकतो, कारण त्या अंतरावर त्याचं डोकं शिकण्याच्या अवस्थेतच नसतं. चांगला ट्रेनर अशा वेळी आवाज चढवत नाही, अंतर वाढवतो. रस्त्याच्या पलीकडून, दुभाजकामागून, जिथून कुत्रा त्यांना बघूनही खाऊ घेऊ शकतो तिथून सुरुवात.

खाऊचं प्रमाण दिवसाच्या आहाराच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायचं आणि तेवढं ताटातून कमी करायचं. चिकन उकडलेलं, मीठ-मसाल्याशिवाय. रविवारच्या सावजीतला तुकडा धुऊन दिला तरी चालत नाही. कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. मनुका आणि द्राक्षं तर अजिबात नाहीत, त्यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं.

फोनवर आणि पहिल्या भेटीत

आता तो प्रश्न. “कुत्र्याने बरोबर केलं तर काय करता आणि चुकला तर काय करता?” उत्तर हातांनी करता येईल इतकं स्पष्ट हवं. “चुकला तर बक्षीस देत नाही, दोन सेकंद थांबतो, सोपं करून पुन्हा विचारतो” हे उत्तर झालं. “थोडं करेक्शन द्यावं लागतं”, “प्रेमानेच शिकवतो, पण गरज पडली तर...”, “बॅलन्स्ड मेथड आहे आपली” (म्हणजे बक्षीसही आणि शिक्षाही) ही उत्तरं नाहीत. लगेच पुढे विचारा, करेक्शन म्हणजे हाताने नेमकं काय? गळ्यात काय घालता? चोक चेन, प्राँग, खेचली की आवळणारी स्लिप लीश, शॉक किंवा व्हायब्रेशन कॉलर, यांतलं एकही नाव आलं की फोन गोडीत ठेवून द्या. साधा रुंद गळपट्टा, छातीवर वाय आकारात बसणारा हार्नेस, दोन-तीन मीटरची साधी लीश आणि मोकळ्या मैदानासाठी दहा मीटरची लांब दोरी, एवढ्या सामानात घरच्या कुत्र्याला लागणारं सगळं शिकवता येतं.

नागपुरात सर्रास चालणारी पद्धत म्हणजे ट्रेनर रोज घरी येतो, अर्धा तास कुत्र्याला खाली पार्किंगमध्ये नेतो, वर आणून सोडतो, महिन्याचे पैसे घेतो. घरचे या काळात चहा पीत बसलेले. तीन महिन्यांनी कुत्रा ट्रेनरचं झकास ऐकतो आणि घरच्यांचं अजिबात नाही. यात कुत्र्याची लबाडी काही नाही. पार्किंगमध्ये, त्या माणसासोबत, त्या वेळी शिकलेलं हॉलमध्ये आजीसोबत आपोआप लागू होत नाही, ते वेगळं शिकवावं लागतं. म्हणून विचारा: “सेशनमध्ये आम्ही काय करायचं?” आठवड्याला एक-दोन सेशन, पाऊण ते एक तासाचं, त्यातला बराच वेळ लीश तुमच्या हातात, आणि निघताना पुढच्या सेशनपर्यंतचा गृहपाठ, अशी मांडणी असेल तर माणूस बरोबर आहे. “तुम्ही समोर असलात की तो ऐकत नाही, आत जा” असं म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवायला हरकत नाही.

पहिल्या भेटीत चांगला ट्रेनर कुत्र्याला हात लावण्याआधी तुम्हाला विचारत बसतो. वय काय, नसबंदी झाली का, लसी कुठवर आल्या, जेवतो कधी, शी कशी होते, झोपतो कुठे, दिवसातून किती तास एकटा असतो. चावला असेल तर कोणाला, अंगावर कुठे, दात रुतले की नुसते लागले, त्याआधीच्या मिनिटाला काय चाललं होतं. घरात कोण कोणता शब्द वापरतं हेही विचारायला हवं, कारण आपल्याकडे आजी ‘बैठ’ म्हणतात, मुलगी ‘सिट’ म्हणते, बाबा ‘बस’ म्हणतात आणि कुत्रा तिघांकडे आळीपाळीने बघतो. एक शब्द ठरवून फ्रिजवर कागद चिकटवणं हे पहिल्या दिवसाचं काम. काही न विचारता थैलीतून चेन काढणाऱ्याचं पुढचं काही ऐकायची गरज नाही.

दुसऱ्या कोणाच्या कुत्र्याचं सेशन बघू देता का, हेही विचारा. त्या घराची हरकत असू शकते, पण बघू देण्यासारखं एकही सेशन कधीच नसेल तर ते लक्षण बरं नाही.

कुत्र्याकडे बघा

सेशन बघताना ट्रेनरचं बोलणं जरा बाजूला ठेवा. व्हिडिओ असेल तर आवाज बंद करून बघा. समोर खाऊ नसताना जीभ झर्रकन नाकावरून फिरते का? झोप नसताना जांभया? कान मागे चिकटलेले, शेपूट पोटाखाली, डोळ्यांच्या कडेला पांढरा भाग दिसतोय, एक पंजा अर्धा उचललेला, ट्रेनरचा हात वर गेला की मान आक्रसते? ऊन नसताना धापा टाकतोय? एखादी खूण एखाद्या वेळी दिसली तर काही बिघडत नाही. सगळ्या सेशनभर दिसत राहिल्या तर कुत्रा घाबरलाय, मग तो कितीही शिस्तीत बसलेला असो.

शांत कुत्र्याचं अंग सैल असतं. तोंड किंचित उघडं, शेपटीच्या बुडापासून हालचाल, सांगितलं नसताना तो ट्रेनरकडे येऊन बघतो की आता काय करायचं. गप्प कुत्र्याचं अंग ताठ असतं आणि तो सांगितल्याशिवाय काहीच करत नाही. चौथ्या-पाचव्या भेटीला सोपी परीक्षा होते: ट्रेनरची गाडी गेटशी थांबली की कुत्रा दाराकडे जातो की पलंगाखाली?

सर्टिफिकेट, फौजी आणि गॅरंटी

प्रमाणपत्र असणं बरं, पण कशाचं ते वाचा. अमेरिकेतल्या सीसीपीडीटी या ट्रेनरना प्रमाणित करणाऱ्या संस्थेचं सीपीडीटी-केए हे प्रमाणपत्र मिळवायला मागच्या तीन वर्षांतले किमान ३०० तास शिकवल्याचा अनुभव आणि लेखी परीक्षा लागते, आणि दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. कॅरेन प्रायर अकॅडमीच्या केपीए-सीटीपी या प्रमाणपत्रासाठी प्रत्यक्ष कुत्र्यासोबतचं काम तपासलं जातं. अशा संस्थांच्या संकेतस्थळांवर ट्रेनरची यादी असते, तिथे नाव शोधायला दोन मिनिटं लागतात. भिंतीवरचं ऑनलाइन कोर्सचं सर्टिफिकेट दोन दिवसांचंही असू शकतं. केनेल क्लबचं सदस्यत्व किंवा डॉग शोचे चषक यांचा ट्रेनिंगच्या शिक्षणाशी संबंध नाही. आणि उत्तम प्रमाणपत्र असलं तरी चुकल्यावर काय करता, हा प्रश्न सुटत नाही. विचारायचाच.

‘मिलिटरीत कुत्रे शिकवलेत’ याचं वजन फार पडतं. लष्कराचे कुत्रे मेरठच्या रिमाउंट अँड व्हेटरिनरी कोअरच्या केंद्रात तयार होतात, सीमा सुरक्षा दलाचं श्वान प्रशिक्षण केंद्र ग्वाल्हेरजवळच्या टेकनपूरला आहे. तिथला अनुभव मोठाच, पण तिथे कुत्रा निवडलेला असतो, त्याला एकच हँडलर असतो आणि कामही ठरलेलं असतं. मनीषनगरच्या तिसऱ्या मजल्यावर दोन मुलं, एक आजी आणि दिवसभर वाजणारी बेल असलेल्या घरातल्या बीगलचे प्रश्न वेगळे. शिवाय स्फोटकं हुंगणारा कुत्रा काम करतो तो बहुतेक वेळा शेवटी मिळणाऱ्या चेंडूसाठी. म्हणजे फौजेचं नाव सांगून काठी वापरणाऱ्याला फौजेतलंही सगळं ठाऊक आहे असं नाही.

गॅरंटीबद्दल थोडक्यात: सीसीपीडीटीची आचारसंहिताच सांगते की निकालाची हमी देऊ नका. जिवंत जनावराची हमी देणारा एकतर अडाणी असतो नाहीतर कुत्र्याला दाबून गप्प करणारा.

‘हॉस्टेलमध्ये सोडा, पंचेचाळीस दिवसांनी न्या’ हा सगळ्यात धोक्याचा प्रकार, कारण तिथे काय चालतं ते तुम्हाला दिसतच नाही. शहराबाहेरच्या फार्मवर सोडायचंच असेल तर न सांगता कधीही येऊ, हे आधी कबूल करून घ्या. रोजचा व्हिडिओ मागा, तोही सरावाचा, जेवतानाचा नको. सोडताना वजन लिहून ठेवा आणि आणल्यावर पुन्हा करा. कुत्रा कामाला भुकेला असावा म्हणून उपाशी ठेवणारे आहेत.

आधी डॉक्टर, मग ट्रेनर

चार वर्षांचा शहाणा कुत्रा एकाएकी अंगाला हात लावू देत नसेल, तर ट्रेनरचा फोन दुसरा, पहिला पशुवैद्याचा. कानाचा संसर्ग, किडलेला दात, कंबरेच्या सांध्याचं दुखणं, गोचीड-ताप, यांपैकी काहीही ‘अग्रेशन’ म्हणून समोर येतं. गोचीड-तापात सांधे दुखतात आणि कुत्रा उचलायला गेलं की खेकसतो; रक्ततपासणीत प्लेटलेट कमी दिसतात. नेहमीचा डॉक्टर नसेल तर सेमिनरी हिल्सवर माफसूचं (राज्याच्या पशुविज्ञान विद्यापीठाचं) पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या चिकित्सालयात दाखवता येतं. चावण्याच्या केसमध्ये ‘डॉक्टरांनी बघितलं का?’ हा प्रश्न ज्या ट्रेनरने स्वतःहून विचारला, त्याला दहापैकी दोन गुण तिथेच द्या. आणि कुत्रा घरचा, लस झालेला असला तरी चावल्यावर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरकडे जायचं.

चावऱ्या कुत्र्यासाठी मझल (तोंडाला घालायचं मुसकं) लागलं तर ते टोपलीचं घ्या, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. तोंड करकचून बांधणारं कापडी मझल नागपूरच्या उन्हाळ्यात जीव घेऊ शकतं, कारण कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो. टोपली आठवडा-दोन आठवडे खाऊ आत ठेवून ओळखीची करायची आणि मगच बकल लावायचं.

पिल्लू आणि आपलं हवामान

“सहा महिन्यांचं होऊ द्या, मग सुरू करू” असं सांगणारे अजून आहेत. हा हिशोब चोक चेनच्या काळातला: झटके सोसेल इतकी मान तयार व्हायची वाट बघायची. खाऊने शिकवायला आठव्या आठवड्यापासून अडचण नाही. उलट पहिले तीन महिने हे पिल्लाचं जग ओळखण्याचं वय, ते गेलं की नवीन गोष्टीला घाबरण्याकडे कल वाढतो. लसीकरण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतं आणि पार्व्होची (पिल्लांच्या जीवघेण्या संसर्गाची) भीती खरी आहे, त्यामुळे मोकाट कुत्रे फिरतात त्या जमिनीवर पाय टेकवायचे नाहीत. पण कडेवर घेऊन सीताबर्डीची रहदारी, भाजीबाजार, भोंगे, छत्र्या, हेल्मेट घातलेली माणसं लांबून दाखवता येतात. पहिली लस होऊन आठवडा झाला आणि जंताचं औषध दिलेलं असलं की, स्वच्छ जागेत लस झालेल्या इतर पिल्लांसोबत वर्ग सुरू करता येतो. ट्रेनरने पिल्लांच्या वर्गात लसीचं पुस्तक मागितलं नाही तर तिथूनच परत फिरा.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना सेशनची वेळ काय देतो, यावरूनही माणूस कळतो. पहाटे साडेपाच-सहा, नाहीतर रात्री आठनंतर, आणि दुपारी कूलरसमोर हुंगण्याचे खेळ. तळहाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद ठेवता आली नाही तर त्या रस्त्यावर पंजेही नकोत. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उन्हात पळवणाऱ्याला तर लगेच थांबवा.

आवाजाची तयारी मात्र हंगामाआधी लागते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक, मग गणपतीचे ढोल, मग दिवाळी. घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी जूनपासूनच मोबाइलवर फटाक्यांचा आवाज इतका हळू लावायचा की कान हलतील पण खाऊ खाणं थांबणार नाही, आणि दर थोड्या दिवसांनी आवाज एका खुणेने वाढवायचा. दिवाळीच्या आठवड्यात बोलावल्यावर ‘सवय लावून देतो’ म्हणून कुत्र्याला फटाक्यांजवळ नेणारा ट्रेनर कुत्र्याची भीती कायमची करून ठेवतो. त्या आठवड्यात करण्यासारखं एवढंच: बंद खोली, पंखा आणि टीव्ही चालू, संध्याकाळच्या आत फिरवणं, आणि फारच थरथरत असेल तर पशुवैद्याकडून औषध.

मध्येच ट्रेनर बदलायचा ठरला तर

यासाठीच पैसे सेशनप्रमाणे द्यावेत, तीन महिन्यांचे एकदम नाही. सेशन चालू असताना काही खटकलं तर “थांबा, हे नको” म्हणून लीश आपल्या हातात घ्यायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, समोरचा कितीही अनुभवी असो. त्यानंतर आठवडा-दोन आठवडे कुत्र्याला काहीच शिकवू नका. हुंगत हुंगत सावकाश फिरणं, वेळेवर जेवण, झोप, बस्स. नव्या ट्रेनरला आधी कोणती साधनं वापरली, कोणते शब्द वापरले, कोणत्या जागी वापरले, ते सगळं सांगा. ‘हील’ म्हटल्यावर झटका बसत आला असेल तर तो शब्द ऐकूनच कुत्रा आक्रसतो, आणि मग कितीही खाऊ दिला तरी त्या शब्दाला चिकटलेली भीती आधी उतरवावी लागते. त्यापेक्षा शब्दच नवा घ्या. ‘हील’ऐवजी ‘सोबत’, हाताची खूण वेगळी, जमलं तर फिरायचा रस्ताही वेगळा. आणि जुनी चेन घरात ज्या खिळ्याला लटकत होती तिथून काढून टाका, कारण तिची खणखण ऐकू आली तरी कुत्रा पुन्हा पलंगाखाली जातो.